जंतांचं धुवण

माझ्या आईचं वय बारा वर्षं चाळीसच होतं. रेशनकार्डाच्या अर्जावर, मतदार यादी करायला आलेल्या गुरुजींसमोर, दवाखान्याच्या केसपेपरवर, कुणीही विचारलं की ती न अडखळता सांगायची, "चाळीस." मी शेजारी असले की माझा पारा चढायचा. मी पुढे होऊन दुरुस्ती करायची, "चाळीस नाही हो, सत्तेचाळीस लिहा." तीन वर्षांनी, "पन्नास लिहा." मग आई माझ्याकडे अशी बघायची, जणू तिच्या वयात ही वर्षं मीच उगाच घुसडली आहेत. भूकंप झाला तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात यायला मला जंत पाळावे लागले.

भूकंपानंतरच्या बाराव्या वर्षी पावसाळा सरता सरता मी तिला लातूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. खोकला दोन महिने हटत नव्हता आणि चार पावलं चालली की ती थांबून श्वास गोळा करायची. डॉक्टरांनी वय विचारलं. तिने चाळीस सांगितलं, मी बावन्न सांगितलं, त्यांनी बावन्न लिहिलं. मग छाती तपासून त्यांनी विचारलं, "झोपता कुठं?"

"शेडात," आई म्हणाली.

"घर नाही का?"

"हाय की. चांगलं शिमिटाचं हाय. सरकारनं दिलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईला बाहेर झोपवणाऱ्या लेकीकडे पाहावं तसंच पाहिलं. बाहेर पडताना मला थांबवून ते म्हणाले, "पत्र्याखाली हा हिवाळा काढू देऊ नका. मागच्या वेळी निभावलं, या वेळी मी खात्री देणार नाही. थंडी पडायच्या आत यांना आत न्या." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं! बारा वर्षं मी तेच करायचा प्रयत्न करत होते.

आमचं जुनं गाव माळवदाच्या घरांचं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी फळ्या आणि त्या फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात त्यावर आणखी माती पडायची, म्हणजे पावसात गळू नये. भर चैत्रात आत गार वाटायचं. भूकंपात तीच माती खाली आली. वडील आत होते, आई अंगणात होती. मी लातूरला वसतिगृहात होते, अकरावीला, डॉक्टर व्हायचं म्हणून. गावात पोचले तेव्हा वडिलांचं सगळं उरकलेलं होतं आणि आई एका चिंचेखाली बसलेली होती. तिने मला विचारलं, "जेवलीस का?" त्यावर मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही.

पुढे जुन्या गावापासून दूर माळावर नवं गाव वसलं. सरळ रस्ते, ओळीने घरं, प्रत्येक घरावर नंबर. आणि प्रत्येक घरासमोर, लोकांनी आपल्या हाताने उभं केलेलं एक पत्र्याचं शेड. कुणीही सिमेंटच्या छताखाली झोपायला तयार नव्हतं. घरात धान्य ठेवायचं, शेडात माणसं. मग हळूहळू एकेक कुटुंब आत गेलं. कुणाची सून बाळंत झाली म्हणून, कुणाला गारपिटीने झोडपलं म्हणून. शेडांत शेळ्या आल्या, कडबा आला. आमच्या ओळीत माणूस राहणारं एकच शेड उरलं.

मी काय नाही केलं! इंजिनिअर आणून स्लॅब दाखवला. घरात टीव्ही ठेवला. आई तो खिडकीतून बाहेर उभी राहून बघायची. स्वयंपाकघर आत होतं, तर तिने चूल शेडात मांडली. मी चिडले, रडले, एकदा दोन दिवस बोलले नाही. ती शांतपणे म्हणायची, "जाईन की. काय घाई हाय?"

आणि घरात मी एक गोष्ट फार मनापासून केली होती. ढिगाऱ्यातून जे काही निघालं ते मी आतल्या खोलीत नीट मांडून ठेवलं होतं. वडिलांची लोखंडी पेटी, त्यांची घोंगडी, जात्याची तळी, देवळीतलं पितळेचं निरांजन, घराच्या दाराची अर्धी चौकट. पुसलं-धुतलं नव्हतं. धुतलं तर वडील निघून जातील असं मला सोळाव्या वर्षी वाटलं होतं आणि नंतर ते तसंच राहून गेलं. शिवाय आम्ही काही टाकणारी माणसं नाही. आमच्याकडे पाणीसुद्धा टाकत नाहीत. तांदळाचं धुवण गाईला, भाजीचं पाणी तुळशीला, अंघोळीचं पाणी परसात, कपड्यांचं पाणी फरशीला. लातूरला भाड्याच्या खोलीत राहायला लागल्यावर तर नळ आठ-आठ दहा-दहा दिवसांनी यायचा. एकाच बादलीने चार कामं केली नाहीत तर मला आजही चुकल्यासारखं वाटतं.

डॉक्टर काही मी झाले नाही. थोडक्यात हुकलं. बी.एस्सी., एम.एस्सी. केलं आणि लातूरच्याच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. तेव्हा क्लासेसचं पीक असं आलं होतं, की ज्याच्याकडे हॉल होता तो संचालक झाला होता. तीनशे पोरं एका पत्र्याच्या हॉलमध्ये, गळ्यात माइक, घामाने भिजलेली ओढणी, आणि फळ्यावर मी. मी बरी शिकवत असे. खरं म्हणजे मी वेगात शिकवत असे, आणि तिथे दोन्हींचा अर्थ एकच होता. गोलकृमी म्हणजे जंत, हा भाग मी चार मिनिटांत उरकायची. नर लहान, शेपटी वाकडी; मादी मोठी, शेपटी सरळ; पुढे चला. पोरं एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, हे येतं का?" म्हणजे परीक्षेला येतं का. येत असेल तर लिहून घ्यायचं, नसेल तर पेनला टोपण.

एकदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, जंताच्या अंड्यात एकच पेशी असती ना? मग तिला कसं कळतं, कधी काय व्हायचं ते?"

मी म्हटलं, "येत नाही. बस."

ती बसली. हॉलमध्ये थोडं हसू झालं. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा माझा मलाच इतका राग आला होता, की मी भांडी आपटली. मला उत्तर माहीत नव्हतं. मला ते माहीत नाही हे त्या मुलीला कळू नये म्हणून मी परीक्षेच्या आड लपले होते. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडून नांदेडला पीएच.डी.ला नाव घातलं. गावात बातमी पसरली, की शिकलेली पोरगी बिघडली. आई मात्र शेडात बसून शेजारणींना सांगायची, "लोक म्हशी पाळतेत, माझी लेक जंत पाळती."

हे जंत पोटातले नव्हेत. मातीत, कुजक्या फळांत राहणारे, एक मिलिमीटर लांबीचे, काचेसारखे आरपार दिसणारे. प्लेटवर खळीसारखं घट्ट माध्यम ओतायचं, त्यावर जिवाणूंचा पातळ थर वाढवायचा, तो त्यांचा चारा. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ डोळा उचललाच नाही. जिवंत प्राण्याच्या आत काय चाललंय ते उघड दिसत होतं. घसा उघडझाप करत चारा ओढत होता, आतडं भरत होतं, पोटात अंडी एका रांगेत होती आणि त्यातल्या एका अंड्यात, माझ्या डोळ्यांदेखत, एका पेशीच्या दोन झाल्या. मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. मागून माझे मार्गदर्शक सर हसले. सर बिलोलीकडचे, देगलूरला शिकलेले. त्यांच्या मराठीत निम्मी दखनी असायची. ते म्हणाले, "या किड्याच्या शरीरातली एकूण एक पेशी लोकांनी मोजलीय. नऊशे एकोणसाठ. कुठली कुठून आली तेही माहीत हाय. तरी बघताना मलाबी रोज तसंच होतं."

माझा विषय होता वावडिंग. लहानपणी पोट दुखलं की आई गुळात वावडिंगाची पूड चारायची. जंत पडतात म्हणून. त्या दाण्यांतली रसायनं जंतांच्या वाढीवर नेमकं काय करतात ते मला बघायचं होतं. अर्क काढायचा, माध्यमात मिसळायचा, पिल्लं सोडायची, ती किती दिवसांत मोठी होतात ते बघायचं. अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंत साडेतीन दिवस. सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. क्लासमध्ये घटक चाचणी ते घटक चाचणी जेवढा वेळ जायचा, तेवढ्यात हे जन्मून म्हातारे होऊन मरायचे.

अडचण पाण्याची होती. प्रयोगशाळेत शुद्ध पाणी लागतं आणि ते काढायचं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यासाठी कितीतरी लिटर नळाचं पाणी नुसतं वाहून घालवायचं. ते पाहून माझा जीव तुटायचा. बरं, नळालाही रोज पाणी कुठे होतं! मग मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. जुन्या, गच्च भरलेल्या प्लेटांवरचे जंत मिठाच्या पाण्याने धुऊन काढावे लागतात. ते बाटलीत तळाशी बसले की वरचं पाणी निवळ होतं. सगळे ते मोरीत ओतायचे. मी ते वेगळ्या कॅनमध्ये जमवायला लागले. कॅनवर चिठ्ठी लावली: धुवण. पाणी स्वच्छ दिसत होतं, मीठ आधीच पडलेलं होतं, आणि प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढल्यावर त्यात कुठला जीव राहणार? त्याच धुवणात मी नव्या प्लेटांचं माध्यम शिजवायला लागले. त्या प्लेटांवरचे जंत धुतलेलं पाणी पुन्हा त्याच कॅनमध्ये. महिनाभर तेच पाणी फिरत राहिलं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

एका सकाळी प्लेटा उघडल्या तर वावडिंगाच्या प्लेटांवरची पिल्लं थांबली होती. तिसऱ्या दिवशी अंडी घालायला हवीत ती पिल्लं बारीक, काडीसारखी सरळ पडलेली. चारा समोर भरपूर, पण तोंडं बंद. घसा हलत नव्हता. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. वावडिंगाने जंतांची वाढ रोखली! मी धावत सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिनऔषधाची प्लेट बघितलीस?"

बघितली नव्हती. जाऊन बघितली. वावडिंगाचा कणही नसलेल्या प्लेटांवर तीच गत होती. वाढ रोखली होती, पण वावडिंगाने नाही. माझा चेहरा पडला.

"लोडशेडिंग," सर म्हणाले. "जंत ठेवायची पेटी गरम झाली असेल. गर्मीनंबी असं होतं." पण त्याच पेटीत, वरच्या कप्प्यात, दुसऱ्या एका मुलीच्या प्लेटा होत्या आणि तिचे जंत मजेत खाऊन-पिऊन अंडी घालत होते. गरमी सगळ्यांना सारखी. चारा एकाच बाटलीतला. जंत एकाच वाणाचे. सरांनी मला माझं काम पहिल्यापासून करून दाखवायला सांगितलं. मी कपाटाखालून कॅन ओढला तसे ते म्हणाले, "हे काय करून राहिलीस?"

"धुवण आहे सर. टाकायला जिवावर येतं."

सर चिठ्ठी वाचून इतके हसले, की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मग चहा मागवला आणि त्या एका चहात मला असं काही सांगितलं, जे दहा वर्षांच्या शिकण्या-शिकवण्यात मी ऐकलं नव्हतं.

जंताच्या अंगातून सतत एक रसायन बाहेर पडत असतं. साखरेचा एक छोटा रेणू आणि त्याला लटकलेली तेलाची शेपटी, एवढंच. एकट्या जंताचं ते मातीत विरून जातं. दाटी झाली की साठतं. पिल्लाच्या डोक्यात मोजक्या काही पेशी आहेत, त्या हा वास घेतात. वास दाट आला, याचा अर्थ पुढे माणसं फार आणि भाकरी थोडी. मग पिल्लू मोठं व्हायचं रद्द करतं. अंगात एक संप्रेरक तयार व्हायचं असतं, तेही साध्या कोलेस्टेरॉलपासून, ते तयारच होत नाही. ते संप्रेरक पेशीतल्या ज्या एका प्रथिनाला जाऊन बिलगतं, ते प्रथिन जनुकांवर बसलेलं असतं. संप्रेरक आलं तर ते वाढीची जनुकं उघडतं. नाही आलं तर तेच प्रथिन ती मिटून ठेवतं आणि दुसरीच उघडतं. कातडी जाड करायची, तोंड बंद करायचं, चरबी जपायची.

"मग हे मेले का?" मी विचारलं.

"मेले न्हाईत गं. सबर केलाय त्यांनी." आमच्याकडे सबर म्हणजे नुसता धीर नव्हे. दिवस बरे नाहीत हे ओळखून गप बसणं, याला सबर म्हणतात. बाहेर या अवस्थेला एक जर्मन नाव आहे. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवसापासून त्यांना सबरवाले म्हणायला लागले. "तुझ्या प्लेटवर दाटी न्हाई, चारा भरपूर हाय," सर म्हणाले. "पण पाण्यात मागच्या हजारो जंतांचा वास हाय. कुकरच्या शिट्ट्यांनी ते रसायन मरत न्हाई. पिल्लाला डोळे न्हाईत. त्याला काय माहीत समोर काय हाय! पाणी जे सांगतं ते त्याला खरं."

तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं उत्तर मला समोर दिसत होतं. प्रत्येक पेशीत सगळं लिहिलेलं असतंच. कुठलं पान उघडायचं ते बाहेरून आलेलं एक चिमूटभर रसायन ठरवतं. आणि मी तिला बस म्हटलं होतं.

"किती दिवस राहतात असे?" मी विचारलं.

"महिनोन् महिने. दोन आठवड्यांचं आयुष्य असलेला किडा. आणि खरी गंमत ऐक. बाहेर आला की जिथं थांबला होता तिथून पुढं वाढतो, आणि पुढं आपलं पुरतं आयुष्य जगतो. मधले दिवस त्याच्या वयात धरलेच जात न्हाईत."

मी ते सबरवाले उचलून ताज्या पाण्यावर केलेल्या प्लेटांवर ठेवले आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसून राहिले. पहिला तास काही नाही. दुसऱ्या तासाला एकाचं डोकं किंचित वळलं. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, मी उठले नाही. आणि मग एकाचा घसा हलला. एकदा. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. मग दोनदा लागोपाठ, मग हातपंपाला पाणी लागावं तसा तो चालूच झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि काच धूसर झाली. इतकं मोठं काहीतरी इतक्या लहान जागेत घडतं आणि कुणाला ऐकूही येत नाही, याने मी अगदी हबकून गेले होते.

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे निघाले. नांदेडहून बस सुटली, लोह्याला थांबली, फराळाची पुडकी घेऊन माणसं चढली, खिडकीतून गार वारा यायला लागला. थंडी पडायच्या आत, असं डॉक्टर म्हणाले होते. आता आईपुढे कोणता नवा मुद्दा मांडावा याची मी जुळवाजुळव करत होते, पण डोक्यात पुन्हा पुन्हा प्लेटा येत होत्या. समोर भरपूर चारा, आणि तोंडं बंद. घर मोकळं, स्लॅब पक्का, आणि आई शेडात.

अहमदपूरच्या आसपास मला एकदम आतली खोली आठवली.

घरी पोचले, पिशवी शेडात टाकली आणि थेट आत गेले. दार बंद होतं, खिडकी बंद होती. पावसाळाभर खोली ओल धरून होती. दार उघडलं तशी पांढऱ्या मातीचा, ओल्या माळवदाचा तो जुना दर्प अंगावर आला. मी दर वेळी या खोलीत यायची आणि हा वास छातीभर घ्यायची. मला तो वडिलांचा वास वाटायचा. मी भूकंपात नव्हते. मला तो वास फक्त आधीच्या दिवसांचा होता.

मी बाहेर येऊन आईसमोर उकिडवी बसले. ती करंज्यांचं सारण भाजत होती. मी विचारलं, "आई, आत गेलं की तुला कसला वास येतो का?"

तिचा हात थांबला. पुन्हा फिरायला लागला.

"येतोय की," ती म्हणाली. "मातीचा. नाकातोंडात बसतोय. तवा बसला व्हता तसा."

"पहिल्यापासून?"

"पयले दोन-तीन वर्सं तर नुसतं भ्याच व्हतं. मग भ्या गेलं. वास ऱ्हायला."

"अगं मग सांगितलं का नाहीस? बारा वर्षं! मी इंजिनिअर आणले, टीव्ही आणला, तुझ्याशी भांडले. एक शब्द बोलायचीस की नाही?"

आईने कढई खाली उतरवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू लई जीव लावून ठिवलं व्हतंस ते समदं. वडलांचं म्हणून. तू आलीस की आदी त्या खोलीत जातीस, डोळे मिटून हुबी ऱ्हातीस. तुला कसं सांगू, की हे काढ म्हणून?"

माझ्या आईने माझ्यासाठी बारा हिवाळे पत्र्याखाली काढले होते. मी तिला घाबरट समजत होते, हट्टी समजत होते, आणि ती माझं मन राखत होती. मी शेडाच्या मातीत बसून हमसून रडले. आई म्हणाली, "आगं सारणात पाणी पडंल."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला कसं गं कळलं? वासाचं?"

"जंतांनी सांगितलं."

"जंतांनी," ती म्हणाली. "मला इचारायचं की गं. मी हितंच व्हते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी खोली रिकामी केली. पेटी, चौकट, जात्याची तळी मी एकेक करून शेडात नेली आणि आईचं अंथरूण, चूल, डबे शेडातून घराच्या पडवीत आणले. घोंगडी धुतली. धुताना पांढरी माती निघत राहिली, पाणी चार वेळा बदललं, आणि ते पाणी मी जन्मात पहिल्यांदा सरळ गटारात ओतलं. आई बघत होती. तुळशीला घाल म्हणाली नाही. भिंतींना चुना दिला, खिडक्या उघड्या टाकल्या. आई मात्र पडवीपर्यंतच आली. "बघू," म्हणाली. मी या वेळी काही बोलले नाही. सबरवाल्यांना टोचून उठवता येत नाही हे मला आता माहीत होतं.

मी नांदेडला परतल्यावर आठ दिवसांनी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्या सांगत होत्या, की आई दोन दिवस झाले घरात झोपतेय. मी विचारलं, कशी काय गेली? काकू म्हणाल्या, "कशी म्हंजी? मांजरानं आत पिल्लं घातली. ती बघाया गेली, तितंच आडवी झाली." मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभी राहून कुणाला दिसणार नाहीत असे हात जोडले. कुणाला जोडले, ते विचारू नका.

तो हिवाळा आईने घरात काढला. खोकला कमी झाला, पूर्ण गेला नाही. शेडात तिने दोन शेळ्या बांधल्या आणि वडिलांच्या पेटीवर त्यांचा पाला ठेवायला लागली. मला आधी ते कसंसंच वाटलं, मग नाही वाटलं. वावडिंगाचं माझं काम ताज्या पाण्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि धुवणाचा तो कॅन सरांनी कपाटावर शोभेला ठेवला.

पुढच्या दिवाळीआधी आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, मान हलवली, बरं आहे म्हणाले. मग नवा केसपेपर ओढून आईला विचारलं, "वय?"

आईने क्षणभर वर पाहिलं. ओठ हलले, मनात मोजत असावी.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सवयीने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बरोबर आहे. लिहा."